सायकल, नांगर आणि कुंडल रोड

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसत्तर म्हटलं की अजूनही मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करून घ्यावं लागतं. आणि नेमका आज ज्यांच्याबद्दल लिहायला बसलेय त्यांचा जन्म १८६९ चा! तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

विषय सुरू झाला बाइकवरून. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात अभ्यासावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, पण बाइकवर वाद मात्र रोज होतो. कँटीनमध्ये एकदा असाच विषय निघाला की मधल्या वजनाच्या गाड्या, म्हणजे साधारण अडीचशे-तीनशेपासून साडेसहाशे सीसीपर्यंतच्या, आपल्या देशात नक्की बनतात कुठे? यादी तयार झाली. केटीएमची ३९० आणि ट्रायम्फची ४०० चाकणला, बजाजच्या कारखान्यात. बीएमडब्ल्यूची ३१० होसूरला, टीव्हीएसकडे. रॉयल एनफिल्ड चेन्नईच्या आजूबाजूला. नवी जावा पिथमपूरला. हार्लेची ४४० राजस्थानात नीमराणाला, हिरोकडे. यादीत सांगली नाही, साताराही नाही. सगळे गप्प.

मी सातारची, त्यामुळे मला जरा लागलंच. अहो, आमच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची! माझे आजोबा मला प्रियावरूनच शाळेत सोडायचे. आणि वाईला तर २०११ च्या सुमारास गरवारे मोटर्सने ह्योसंगची साडेसहाशे सीसीची गाडी जोडायला सुरुवात केली होती. कोरियातून सुटे भाग यायचे आणि वाईत गाडी उभी राहायची. पूर्ण तयार गाडी आणली तर आयात कर फार, सुटे भाग आणून इथे जोडले तर कमी, असं ते गणित. पण पुढे मालक बदलले, मग काम थांबलं. नुसती जोडणी असली की असंच होतं. भाग दुसरीकडून येतात, गिऱ्हाईक दुसरीकडे असतं, तंबू उचलायला वेळ लागत नाही.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं, तर त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. सातारच्या एमआयडीसीत बाबांची छोटी शेड आहे. तीन लेथ, एक व्हीएमसी आणि सहा माणसं. दुचाकीच्या इंजिनला लागणाऱ्या बुशचं जॉबवर्क करतात. ज्यांच्यासाठी करतात ते म्हणतायत की जवळ या, चाकणला शेड घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीची ऑर्डर सांगता येत नाही. बाबांनी मला विचारलं की तू इंजिनिअर होणार आहेस, तर सांग, जावं का? आता मी काय सांगणार? माझी एम-थ्रीची केटी अजून निघायची आहे!

पण प्रश्न डोक्यात राहिला. कारखाना कुठे काढायचा हे ठरतं तरी कसं? त्या शनिवारी सातारला जायला कोयना एक्स्प्रेसमध्ये बसले. सांगलीहून निघालं की भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी. तीन वर्षं मी या स्टेशनवरून येजा करतेय आणि कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. किर्लोस्कर म्हटलं की मला पंप आठवायचा, आणि आईमुळे संगीत नाटक. पण एका स्टेशनला माणसाचं आडनाव कसं काय पडलं? मग लायब्ररीत जाऊन शोधलं. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, म्हणजे आई अगदीच चुकीची नव्हती. लक्ष्मणरावांचं पुस्तकी अभ्यासात मन लागेना. दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रकला आणि यंत्रं. १८८५ साली मोठे भाऊ रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं शिकले आणि मग लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या मुलाला हे कळतं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, विचार करा.

पण त्यांनी घरचा रस्ता धरला नाही. यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, रेषा लागतात. ते त्यांनी चालू ठेवलं आणि त्यात इतके तयार झाले की व्हीजेटीआयमध्ये त्यांना शिकवायची नोकरी मिळाली. म्हणजे आपल्याला जो ईडीचा पेपर रडवतो त्याचे ते मास्तर झाले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमधली यंत्रं हाताळली. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे शिकले ते यंत्रं उघडून आणि अमेरिकन पुस्तकं-मासिकं वाचून.

आता बाइकवाल्यांनी इकडे लक्ष द्या. १८८८ साली, नोकरी चालू असतानाच, या दोन भावांनी बेळगावला सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हाचं. म्हणजे या सगळ्या कारखानदारीची सुरुवात दोन चाकांवरच झालेली आहे.

आणि गंमत बघा. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला ट्रायम्फवालेही सायकलीच विकत होते. रॉयल एनफिल्डची सुरुवातही सायकलीतूनच. एनफिल्डने १९०१ मध्ये आणि ट्रायम्फने १९०२ मध्ये सायकलीला इंजिन बसवून मोटरसायकल काढली. मग बेळगावच्या सायकलवाल्याने काय काढलं?

त्याने नांगर काढला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. तिकडे मोटरसायकल आणि इकडे नांगर! पण जरा विचार केला तेव्हा हसू गेलं. कॉव्हेंट्रीत गिऱ्हाईक कोण, तर पगारदार, रविवारी फिरायला जाणारा माणूस. बेळगावच्या आजूबाजूला गिऱ्हाईक कोण? शेतकरी. सायकल घेणारे मूठभर, नांगर धरणारे लाखो. लक्ष्मणरावांनी पाहिलं की आपल्या दाराशी कोण उभं आहे, त्याला काय लागतं. आपण प्रोजेक्टचा विषय निवडताना एवढं तरी पाहतो का?

मुंबईची नोकरी त्यांनी १८९७ मध्ये सोडली. बढतीची जागा त्यांची होती, ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. ते राजीनामा देऊन बेळगावला आले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. कडबा यंत्र बरं चाललं. नांगर मात्र कोणी घेईना! लोकांची ठाम समजूत होती की लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपली एक असाइनमेंट परत आली तर आपण तोंड पाडून बसतो. हे दोन वर्षं नांगर घेऊन बसले होते. शेवटी ज्यांनी वापरला त्यांचं शेत खोल नांगरलं गेलं, ते शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि मग मागणी यायला लागली.

आता जम बसतोय म्हणेपर्यंत जागेवरच घाला आला. बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी त्यांची कारखान्याची जागा हवी होती. १९१० चा जानेवारी. माणसं आहेत, यंत्रं आहेत, ऑर्डरी आहेत, पण यंत्रं ठेवायला जमीनच नाही. इथे मी पुस्तक खाली ठेवलं आणि बाबांना फोन लावला. त्यांना म्हटलं की तुमच्यासारखाच एकजण सापडलाय.

त्या वेळी लक्ष्मणराव औंधला काम करत होते. औंध म्हणजे आताच्या सातारा जिल्ह्यातलं यमाईचं औंध, तेव्हाचं छोटं संस्थान. देवीच्या देवळापुढच्या सभामंडपाचं काम त्यांच्याकडे होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारासाठी हे राजे प्रसिद्ध, आणि स्वतः चांगले चित्रकार. एकाला डोळ्यांनी चित्रकार होऊ दिलं नाही, दुसऱ्याला गादीने पूर्णवेळ होऊ दिलं नसेल. पण काम करणारा माणूस राजांनी बरोबर ओळखला. अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० चे दहा हजार!

जागा कुठली, तर कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ. औंध संस्थान एकसलग नव्हतं, तुकड्या-तुकड्यांत पसरलेलं होतं. कुंडल हा त्यातलाच एक तुकडा, आज सांगली जिल्ह्यात आहे. माळावर काय होतं? निवडुंग आणि नाग. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या आत्मचरित्राच्या नावातच निवडुंग आणि गुलाब आहेत ते उगीच नव्हे.

आता ही निवड बघा जरा इंजिनिअरच्या नजरेने. माळाला पाणी नाही, वस्ती नाही, बाजार नाही. पण तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे रेल्वे. बेळगाव, मिरज, कुंडल रोड, पुणे हे सगळं एकाच मार्गावर. बीड, कोळसा आणायचा आणि नांगर पाठवायचे तर रुळाशिवाय गती नव्हती. दुसरं म्हणजे पाठीशी उभा राहणारा राजा. तिसरं म्हणजे नांगराचं गिऱ्हाईक. कृष्णाकाठची काळी जमीन हाकेच्या अंतरावर. बाकी जे नव्हतं ते त्यांनी स्वतः उभं करायचं ठरवलं.

आणि मला सगळ्यात मोठी वाटलेली चौथी गोष्ट म्हणजे माणसं. बेळगावहून पंचवीस कामगार आपापली बायकामुलं घेऊन त्यांच्याबरोबर त्या माळावर आले. आलेल्यांना आधी राहायला जागा लागते, मग पाणी, मग दुकान, मुलांना शाळा. म्हणून कारखान्याबरोबर गावही बांधलं गेलं. ते गाव म्हणजे किर्लोस्करवाडी. नांगर बनवणं शंभुअण्णा जांभेकर बघायचे, गावची व्यवस्था रामूअण्णा. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी केलं आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हा नियम होता. १९१० च्या महाराष्ट्रात हे बोलणं सोपं होतं, एका पाणवठ्यावर करून दाखवणं सोपं नव्हतं.

हळूहळू नांगराबरोबर उसाचे चरक आले, भुईमूग फोडायची यंत्रं आली, लोखंडी फर्निचर आलं. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक सुरू केलं, जे पुढे किर्लोस्कर मासिक झालं. मागून स्त्री आणि मनोहर ही मासिकंही निघाली. म्हणजे नांगराच्या कारखान्यातून मराठीतली नावाजलेली मासिकं निघाली. आपल्या या मॅगझिनच्या संपादक मंडळाने हे वाचून ताठ बसावं! १९२६ मध्ये पंप आला. त्याच साली शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परत आले. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखाना, तो प्रभाकर कंदीलवाला, तोही १९१६ सालचा आणि तोही औंधच्याच आश्रयाने. एका छोट्या संस्थानाने दोन माळांवर दोन कारखाने वसवले.

सगळं छान छानच झालं असं नाही. पुढचे कारखाने वाडीत निघाले नाहीत. १९४१ मध्ये लेथ मशिनचा कारखाना म्हैसूर संस्थानात हरिहरला गेला. १९४६ मध्ये ऑइल इंजिनचा पुण्यात खडकीला आणि विजेच्या मोटारींचा बंगळूरला. म्हणजे माळावर गाव वसवणाऱ्या घरालाही वाढायचं म्हटल्यावर बाहेर जावं लागलं. आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जो जाळपोळीचा डोंब उसळला त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या वाडीत शिवाशिव नव्हती, जिथे आजूबाजूच्या गावांतली माणसं पोटाला लागली होती, तिला जातीच्या रागातून आग लागली. मला हे वाचून फार वाईट वाटलं. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने तिकीट काढलं. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात. कुंडल रोड हे नाव मात्र गेलं, स्टेशन आता किर्लोस्करवाडी आहे.

आता परत बाइककडे येते.

चाकणला गाड्या का बनतात? तिथली जमीन काही जगावेगळी नाही. पण एका मोटरसायकलला शेकडो सुटे भाग लागतात आणि ते बनवणारे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात गेली पन्नास-साठ वर्षं साठत आलेत. सकाळी भाग निघाला की दुपारी गाडीला लागतो. गोदामात माल साठवून पैसा अडकवायला नको. निर्यातीला न्हावाशेवा बंदर. साध्या गाडीला एखादा भाग उशिरा आला तरी निभावतं, पण मधल्या वजनाच्या गाडीत तपासणी कडक, गाड्या तुलनेने कमी आणि परदेशी नाव पणाला लागलेलं. भाग नापास झाला तर व्हेंडरचा माणूस तासाभरात समोर हवा. म्हणूनच बाबांना सांगितलं जातंय की जवळ या. शंभर वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीत सुरू झालेली ट्रायम्फ आज चारशे सीसीची गाडी आपल्या पुणे जिल्ह्यात बनवून घेते, त्याचंही कारण हेच. २०२० मध्ये बजाजशी करार झाला, २०२३ मध्ये गाडी आली.

म्हणजे आजचे कारखाने जिथे सगळं आधीच आहे तिथे जातात. लक्ष्मणराव जिथे काहीच नव्हतं तिथे गेले आणि सगळं केलं. मी काही चाकणला नावं ठेवत नाही. तेही कधीतरी माळच होतं, कोणीतरी पहिला गेलाच असेल. वाईची जोडणी टिकली नाही आणि वाडी टिकली, यातला फरक मला एवढाच दिसतो. वाडीत ओतकाम, कातकाम, माणसांची घरं, मुलांची शाळा सगळं तिथेच रुजलं. उचलून नेण्यासारखं राहिलंच नाही.

हे सगळं मी घरी बाबांना सांगितलं. ते चहा पीत ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की ते पंचवीसजण का आले असतील? मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यांनीच दिलं. लक्ष्मणरावांनी त्यांना नुसतं काम नाही, घर द्यायचं ठरवलं होतं. बाबांनी आपल्या सहाजणांना विचारून पाहिलंय. चौघांची शेती आहे, कोरेगाव आणि रहिमतपूरकडे. ते चाकणला येणार नाहीत. यायचं तर खोलीभाडं परवडणार नाही. नवी माणसं चाकणला मिळतील, पण ज्यांनी बाबांबरोबर पहिला लेथ टेम्पोतून उतरवला ते इथेच राहतील.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. रोज टेम्पो पाठवला तर किती, तिकडे शेडचं भाडं किती, रिजेक्शन निम्म्यावर आणलं तर किती वाचतं. रिजेक्शनचं गणित माझ्या मेट्रॉलॉजीच्या तासाला शिकवलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरंच उपयोगी पडलं! बाबा दिवाळीनंतर ठरवणार आहेत. आकडे आत्ता तरी फिफ्टी-फिफ्टी आहेत. मला मात्र या सुट्टीत इंटर्नशिप कुठे करायची ते कळलंय. आमच्याच शेडमध्ये, बुशच्या मापात फरक कुठे पडतो ते शोधायला. मेकॅनिकलच्या मुली शॉपफ्लोअरवर काय करणार असं म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं, चहा पाजेन.

तुमच्यापैकी बरेचजण पुढच्या वर्षी चाकण-पिंपरीला जाल. जरूर जा. पण कोयनेने जाताना ताकारीच्या आधी गाडी दोन मिनिटं थांबते तिथे एकदा मान वर करा. बत्तीस एकर निवडुंग होतं तिथे, आणि एक माणूस, ज्याला रंग ओळखता येत नव्हते पण माणसं येत होती.